पुढील आरंभ कोठून? : क्लस्टरमधील सर्व्हरचे आरंभसाधन दुरून निवडण्याविषयी

ठाण्याच्या कापूरबावडी नाक्यापासून घोडबंदर गावापर्यंत जाणारा घोडबंदर रोड सुमारे वीस किलोमीटर लांबीचा आहे. न्हावा-शेवा बंदराकडून गुजरातेकडे जाणारी अवजड वाहने याच रस्त्याने जातात, आणि गायमुख घाटातील दुरुस्तीसाठी २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी त्यांची वाहतूक काही काळ अन्य मार्गांनी वळवावी लागली होती. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली या भागांत राहणाऱ्या माणसास ऐरोली-महापे पट्ट्यातील एखाद्या संगणक-केंद्रात पोहोचावयाचे असेल, तर नकाशावरील अंतर फारसे नसूनही किती वेळ लागेल हे निघताना सांगता येत नाही. अशा माणसाकडे एखाद्या क्लस्टरची देखभाल सोपविलेली आहे, आणि रात्री दोन वाजता त्यातील एक सर्व्हर उठेनासा झाला आहे, अशी कल्पना करावी. त्या सर्व्हरच्या तबकडीवरील कार्यप्रणाली बिघडलेली आहे. त्यामुळे त्यात नेहमीच्या वाटेने प्रवेश करता येत नाही. दुरुस्तीची कार्यप्रणाली जालावरील दुसऱ्या यंत्रात तयार आहे. सर्व्हरने पुढील वेळी तबकडीऐवजी जालावरून सुरू व्हावे, एवढेच त्यास सांगावयाचे आहे. परंतु जे यंत्र अजून सुरूच झालेले नाही, त्यास कोणी व कोणत्या मार्गाने सांगावयाचे?

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न होय. त्याचे तांत्रिक उत्तर एका ओळीच्या आज्ञेत मावते. तथापि त्या आज्ञेचा अर्थ नीट न समजता ती वापरल्यास एका सर्व्हरची दुरुस्ती करावयास जावे आणि अनेक सर्व्हरांवरील माहिती पुसून बसावे, असा प्रसंग येऊ शकतो. यास्तव आज्ञा कोणती यापेक्षा तिच्यामागील निर्णय कोठे साठविला जातो, किती काळ टिकतो आणि कोण तो पुन्हा बदलू शकतो, याचा विचार अधिक महत्त्वाचा आहे.

१. आरंभ म्हणजे काय

संगणकास वीज मिळताच त्याचा प्रोसेसर प्रथम मुख्य फलकावरील स्मृतीत कायम ठेवलेला एक छोटा कार्यक्रम चालवितो. यास फर्मवेअर म्हणतात. जुन्या पद्धतीचे फर्मवेअर बायॉस या नावाने आणि नव्या पद्धतीचे यूईएफआय या नावाने ओळखले जाते. फर्मवेअर स्मृती, तबकड्या, जालपट्ट इत्यादी भागांची तपासणी करते आणि त्यानंतर कार्यप्रणाली कोठून उचलावयाची हे ठरविते. या समग्र क्रियेस बूट करणे असे म्हणतात, आणि जेथून कार्यप्रणाली उचलली जाते त्या साधनास येथे आरंभसाधन असे म्हटले आहे. तबकडी, जाल, सीडी अथवा तिची आभासी प्रतिमा आणि यूएसबी स्मृतिदंड ही नेहमीची आरंभसाधने होत. त्यांचा अग्रक्रम फर्मवेअरमध्ये नोंदलेला असतो. एकटा संगणक वापरणारा मनुष्य यंत्र सुरू होताना कळफलकावरील एखादी कळ दाबून हा क्रम तात्पुरता डावलू शकतो. शेकडो यंत्रांच्या क्लस्टरमध्ये मात्र कळफलकही नसतो आणि कळ दाबणारा मनुष्यही नसतो.

२. महाराष्ट्रातील तीन टप्पे

हा निर्णय यंत्राजवळून दूर कसा सरकत गेला, हे महाराष्ट्रातील संगणकांच्या इतिहासावरूनच दाखविता येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधला गेलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. छिद्रांकित कागदी फितीवरून त्यास कार्यक्रम पुरविला जाई. त्या पिढीच्या यंत्रांत आरंभाचा निर्णय यंत्रचालकाच्या हातात, अक्षरशः हातात, असे. कोणती फीत लावावयाची हे तो ठरवी आणि फलकासमोर उभा राहून यंत्र सुरू करी.

दुसरा टप्पा पुण्याचा. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. ट्रान्सप्युटर जातीचे अनेक प्रोसेसर एकमेकांस जोडून तो बनविलेला होता. ट्रान्सप्युटरची रचना या विषयाच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. त्याच्या एका पिनेवरील विद्युत्पातळीवरून तो स्वतःच्या कायम स्मृतीतून सुरू व्हावयाचा की शेजाऱ्याकडून, हे ठरे. शेजाऱ्याकडून सुरू व्हावयाचे असल्यास तो आपल्या दुव्यांकडे कान लावून बसे, आणि ज्या दुव्यावरून पहिला संदेश येईल त्यातील कार्यक्रम चालवू लागे. म्हणजे निर्णय माणसाच्या हातातून तारेच्या जोडणीत गेला होता. पण जोडणी बदलल्यावाचून तो बदलता येत नव्हता.

तिसरा टप्पाही पुण्याचाच. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या कंपनीने उभारलेला एका हा क्लस्टर नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत ११७.९ टेराफ्लॉप्स वेगासह चौथा आला. त्यात सुमारे १,८०० सर्व्हर होते. एवढ्या सर्व्हरांपाशी प्रत्यक्ष जाऊन आरंभसाधन बदलावयाचे आणि प्रत्येकास पाच मिनिटे द्यावयाची असे धरले, तर ९,००० मिनिटे, म्हणजे १५० तास लागतील. एक मनुष्य न झोपता सहा दिवसांहून अधिक काळ हेच काम करीत राहील. या प्रमाणावर आरंभाचा निर्णय दुरून आणि आज्ञेने बदलता येणे ही सोय राहत नाही, ती क्लस्टरच्या अस्तित्वाचीच अट बनते.

३. जागा राहणारा नियंत्रक

सर्व्हरच्या मुख्य फलकावर एक स्वतंत्र छोटा संगणक बसविलेला असतो. त्याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. त्याच्या आद्याक्षरांनी मुंबईकरांस महानगरपालिकाच आठवेल. म्हणून येथे त्यास केवळ नियंत्रक म्हटले आहे. मुख्य यंत्र बंद असले तरी केबलमधून वीज येत असेपर्यंत नियंत्रक जागा असतो. त्यास स्वतःचा जालपत्ता असतो, आणि तो तापमान, पंखे व वीजपुरवठा यांवर लक्ष ठेवतो. मुख्य यंत्राची कार्यप्रणाली मृतवत् झालेली असताना बोलावयास शिल्लक राहतो तो हाच.

त्याच्याशी बोलण्याची सर्वमान्य भाषा आयपीएमआय या नावाने प्रसिद्ध आहे. इंटेल, ह्यूलेट-पॅकार्ड, एनईसी आणि डेल या कंपन्यांनी तिची पहिली आवृत्ती १९९८ साली काढली. जालावरून आज्ञा देण्याची सोय २००१ च्या १.५ या आवृत्तीत आली, आणि २.० ही आवृत्ती २००४ साली निघाली. या भाषेतील एका आज्ञेने पुढील आरंभाविषयीची सूचना नियंत्रकाच्या स्मृतीत लिहून ठेवता येते. मुख्य यंत्र सुरू होताना त्याचे फर्मवेअर नियंत्रकास विचारते की, माझ्यासाठी काही निरोप आहे काय? निरोप असल्यास फर्मवेअर आपला नेहमीचा क्रम बाजूला ठेवून त्याप्रमाणे वागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास पाहिजे. नियंत्रक यंत्रास जालावरून सुरू करीत नाही; तो फक्त चिठ्ठी सांभाळतो. चिठ्ठी वाचणारे फर्मवेअर निराळे आणि ती लिहिणारा मनुष्य निराळा. या तिघांचा अर्थ एकच असेल तरच काम बिनचूक होते.

चिठ्ठीचा मुख्य मजकूर पहिल्या दोन बाइटांत मावतो. पहिल्या बाइटचा सर्वांत डावीकडील बिट चिठ्ठी ग्राह्य आहे असे सांगतो. त्याच्या उजवीकडचा बिट ही सूचना एकदाच पाळावयाची की पुढील सर्व आरंभांसाठी, हे सांगतो. तिसरा बिट आरंभ जुन्या बायॉस पद्धतीने व्हावयाचा की यूईएफआय पद्धतीने, हे ठरवितो. दुसऱ्या बाइटमधील चार बिट साधनाचा क्रमांक देतात : ०००१ म्हणजे जाल, ००१० म्हणजे तबकडी, ०१०१ म्हणजे सीडी, ०११० म्हणजे फर्मवेअरची मांडणी आणि ०००० म्हणजे कोणतीही सक्ती नाही. ‘फक्त पुढील वेळी, यूईएफआय पद्धतीने, जालावरून’ ही सूचना येणेप्रमाणे १०१००००० आणि ०००००१०० अशी लिहिली जाते. ‘यापुढे नेहमीच’ असे म्हणावयाचे असल्यास पहिला बाइट १११००००० असा होतो. तात्पुरती सूचना आणि कायमची सूचना यांत अंतर आहे ते केवळ एका बिटाचे.

४. तीन गैरसमज

आयपीएमआयटूल या प्रचलित साधनाने ‘चॅसिस बूटडेव्ह पीएक्सई’ ही आज्ञा दिली की काम झाले, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात तीन ठिकाणी तो फसतो.

पहिला गैरसमज काळाविषयीचा. आज्ञा देऊन ठेवावी आणि यंत्र सवडीने पुन्हा सुरू करावे, असे अनेकांस वाटते. परंतु मानकानुसार चिठ्ठी लिहिल्यापासून ६० सेकंदांत वीज बंद-चालू करण्याची अथवा पुनरारंभाची आज्ञा नियंत्रकामार्फत आली नाही, तर ग्राह्यतेचा बिट आपोआप पुसला जातो. तसेच यंत्रावरील बटण दाबून पुनरारंभ केल्यासही, निराळे सांगितले नसेल तर, चिठ्ठी रद्द होते. हा नियम निष्कारण नाही. आठवड्यापूर्वी कोणी लिहून विसरलेली चिठ्ठी आज अचानक अमलात येऊ नये, एवढाच त्याचा हेतू आहे. ही मुदत न पाळावी असे नियंत्रकास सांगण्याची सोयही मानकात आहे. मात्र निरनिराळ्या निर्मात्यांची यंत्रे या नियमाचे पालन सारख्याच काटेकोरपणे करीत नाहीत. म्हणून आज्ञा आणि पुनरारंभ ही जोडी एकापाठोपाठ द्यावी, हेच श्रेयस्कर.

दुसरा गैरसमज पद्धतीविषयीचा. उपरोक्त साधनास स्पष्ट सांगितले नाही, तर ते तिसरा बिट शून्य ठेवते, म्हणजे जुन्या बायॉस पद्धतीची मागणी करते. तबकडीवरील कार्यप्रणाली यूईएफआय पद्धतीने स्थापिलेली असेल आणि जालावरचा आरंभ जुन्या पद्धतीने झाला, तर दुरुस्तीची प्रणाली सुरू झालेली दिसते. पण तिच्यातून यूईएफआयच्या नोंदी वाचता वा दुरुस्त करता येत नाहीत. नवी स्थापना करावयाची असल्यास ती चुकीच्या पद्धतीने होऊन बसते, आणि पुढच्या आरंभी यंत्रास आपली तबकडी ओळखू येत नाही. आज्ञेस ‘ईएफआयबूट’ हा पर्याय जोडल्याने हा दोष टळतो.

तिसरा गैरसमज टिकाऊपणाविषयीचा, आणि तोच सर्वांत घातक होय. ६० सेकंदांच्या मुदतीने दोनदा फजिती झालेला मनुष्य साहजिकच ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय जोडतो. काम त्या रात्रीपुरते होते. परंतु पुढील सर्व आरंभ जालावरून व्हावेत अशी मागणी आता फर्मवेअरपाशी नोंदली गेलेली असते, आणि ती परत घेण्याचे स्मरण कोणास राहत नाही.

५. जालाकडून काय उत्तर येईल

जालावरून आरंभ होण्याची प्रचलित रीत पीएक्सई या नावाने ओळखली जाते, तिची २.१ ही आवृत्ती इंटेलने १९९९ साली प्रसिद्ध केली. सर्व्हर प्रथम जालावर हाक देतो. डीएचसीपी सेवा त्यास जालपत्ता आणि आरंभक कार्यक्रमाचे नाव देते; सर्व्हर तो कार्यक्रम उतरवून घेतो; आणि तो कार्यक्रम पुढे काय करावयाचे हे विचारण्यास पुन्हा व्यवस्थापक यंत्राकडे वळतो. व्यवस्थापक यंत्रात प्रत्येक सर्व्हरच्या नावाने एक नोंद असते. ती तीनपैकी एक उत्तर देते : ‘दुरुस्तीची प्रणाली चालव’, ‘तबकडी पुसून नवी स्थापना कर’, किंवा ‘माझ्याकडे काही काम नाही, आपल्या तबकडीवरून सुरू हो’.

यावरून असे दिसून येईल की, आरंभाच्या निर्णयाची दोन स्थाने आहेत. जालाकडे जावयाचे की नाही, हे सर्व्हरजवळ ठरते. गेल्यावर काय करावयाचे, हे व्यवस्थापक यंत्रात ठरते. दोन्ही निर्णय एकाच वेळी कायमचे झाले, तर काय घडेल?

समजा, एका विद्यापीठीय विभागाकडे ४८ सर्व्हरांचा क्लस्टर आहे. मे महिन्यात त्यांवर नवी कार्यप्रणाली बसविण्यात आली. त्यासाठी जालावरून आरंभाची कायमची सूचना देण्यात आली, आणि व्यवस्थापक यंत्रातील ‘नवी स्थापना कर’ ही नोंद काम झाल्यावर बदलावयाची राहून गेली. सर्व यंत्रे व्यवस्थित चालू लागली. कारण चालू यंत्र आरंभाचा प्रश्न विचारीतच नाही. संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या गणितांचे मध्यंतरीचे निष्कर्ष प्रत्येक सर्व्हरच्या स्थानिक तबकडीवर साठविले. जूनच्या पहिल्या पावसात वीज गेली आणि काही मिनिटांनी परत आली. ४८ सर्व्हर एकदम उठले, ४८ सर्व्हर जालाकडे वळले, आणि त्या सर्वांना एकच उत्तर मिळाले. अर्ध्या तासात सर्व यंत्रे नवीकोरी, निर्दोष आणि रिकामी झाली. येथे यंत्राचा बिघाड झालेला नाही. प्रत्येक भागाने आपणास सांगितलेले कामच चोख केले. दोष आहे तो एक तात्पुरता निर्णय कायमच्या जागी लिहिण्यात, आणि मोल चुकवावे लागते ते एखाद्याच्या प्रबंधातील सहा महिन्यांच्या परिश्रमाचे.

६. दोन ग्राह्य धोरणे

या संकटातून मार्ग काढण्याची दोन धोरणे आहेत, आणि दोन्ही आपापल्या परीने युक्त आहेत. पहिल्या धोरणात फर्मवेअरचा कायम क्रम ‘प्रथम तबकडी’ असा ठेवावयाचा आणि गरज पडेल तेव्हाच नियंत्रकाकडे एकवेळची चिठ्ठी द्यावयाची. व्यवस्थापक यंत्र बंद पडले तरीही सर्व्हर सुरू होतात, हा याचा लाभ. लहान विभागास हेच धोरण मानवेल.

दुसऱ्या धोरणात कायम क्रम ‘प्रथम जाल’ असा ठेवून सर्व निर्णय व्यवस्थापक यंत्रात एकवटावयाचा. एक्सकॅटसारख्या क्लस्टर-व्यवस्थापन संचात हे दोन्ही निर्णय निरनिराळ्या आज्ञांनी होतात : ‘आरसेटबूट’ सर्व्हरजवळचा निर्णय बदलते, ‘नोडसेट’ व्यवस्थापक यंत्रातील नोंद बदलते. या धोरणात नोंदीचे मूळ उत्तर ‘तबकडीवरून सुरू हो’ हेच असले पाहिजे, आणि स्थापना पूर्ण होताच नोंद स्वतःहून त्या उत्तरावर परतली पाहिजे. मनुष्याच्या स्मरणशक्तीवर ते काम सोपवू नये. शिवाय यूईएफआय यंत्रांत नवी कार्यप्रणाली स्थापन होताना आपले नाव अग्रक्रमात सर्वांत वर लिहिते. त्यामुळे ‘प्रथम जाल’ हा क्रम नकळत मोडतो आणि प्रत्येक स्थापनेनंतर तो तपासावा लागतो.

यूईएफआयमध्ये ‘बूटनेक्स्ट’ नावाची एकवेळची नोंदही असते. ती वापरली जाण्यापूर्वीच फर्मवेअर ती पुसून टाकते. त्यामुळे तिच्यात विसरण्याजोगे काही उरत नाही. परंतु लिनक्समधील ‘ईएफआयबूटमॅनेजर’ या साधनाने ती लिहावयाची असल्यास कार्यप्रणाली चालू असावी लागते. ज्या रात्री कार्यप्रणालीच उठत नाही त्या रात्री तिचा उपयोग नाही, आणि पुन्हा नियंत्रकाकडेच यावे लागते.

धोरण कोणतेही असो, कृतीचा क्रम एकच असावा. प्रथम व्यवस्थापक यंत्रातील नोंद वाचावी आणि जालाकडून कोणते उत्तर जाणार याची खात्री करावी. नंतर एकवेळची सूचना योग्य पद्धतीसह द्यावी. ती परत वाचून पाहावी. ‘चॅसिस बूटपॅरम गेट ५’ ही आज्ञा चिठ्ठी ग्राह्य आहे काय, ती एकवेळची आहे काय आणि साधन कोणते, हे सर्व सांगते. मग मुदतीच्या आत पुनरारंभ द्यावा. शेवटी नियंत्रकामार्फत पडद्यावरील मजकूर पाहून यंत्र खरोखर कोठून सुरू झाले हे पाहावे. अनेक सर्व्हरांवर हे करावयाचे असल्यास प्रथम एकावर, नंतर चारांवर आणि मगच उरलेल्यांवर करावे. त्यास आणखीही एक कारण आहे. प्रत्येकी २ गिगाबाइटांची प्रतिमा २०० सर्व्हरांनी एकाच वेळी मागितली, तर सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणाऱ्या एका दुव्यावरून ती पोचण्यास निव्वळ गणिताने ३,२०० सेकंद, म्हणजे सुमारे ५३ मिनिटे लागतात. तेवढ्यात कित्येक सर्व्हर वाट पाहून कंटाळतात आणि पुढील साधनाकडे वळतात.

७. सुरक्षा आणि पुढील भाषा

ज्या वाटेने घरी बसलेला व्यवस्थापक नियंत्रकापर्यंत पोचतो, त्याच वाटेने आगंतुकही पोचू शकतो. आयपीएमआय २.० मध्ये, वापरकर्त्याचे नाव ठाऊक असलेल्या कोणासही, ओळख पटण्यापूर्वीच, संकेतशब्दापासून काढलेला सांकेतिक आकडा नियंत्रकाकडून मिळू शकतो, ही उणीव २०१३ साली डॅन फार्मर यांच्या संशोधनामुळे सर्वांच्या नजरेस आली. ती मानकातच असल्यामुळे निव्वळ डागडुजीने जात नाही. म्हणून नियंत्रकांचे जाल स्वतंत्र ठेवावे, त्याचे ६२३ क्रमांकाचे द्वार बाह्य जगास कधीही उघडे ठेवू नये, आणि घरून येणाऱ्याने प्रथम एखाद्या सुरक्षित प्रवेशयंत्रातून यावे.

डीएमटीएफ या मानकसंस्थेने २०१५ साली रेडफिश ही नवी भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात हीच सूचना बिटांऐवजी वाचनीय शब्दांत, एन्क्रिप्ट केलेल्या वेबमार्गाने दिली जाते. साधन कोणते, पद्धत कोणती आणि सूचना ‘वन्स’ की ‘कंटिन्युअस’, अशी तीन स्वतंत्र घरे तिच्यात आहेत. एका बिटात दडलेला भेद येथे शब्दाने उघड झाला, ही प्रगती खरीच. तथापि शब्द स्पष्ट झाला म्हणून निर्णय आपोआप योग्य होत नाही. ‘कंटिन्युअस’ लिहून विसरणे पूर्वीइतकेच सोपे आहे.

सारांश, टिफ्रॅकच्या काळी आरंभाचा निर्णय माणसाच्या हातात होता, आणि फीत काढून घेताच तो संपत असे. आज तो निर्णय कासारवडवलीच्या घरातून ऐरोलीच्या यंत्रापर्यंत क्षणात पोचतो, पण आपला आपण संपत नाही. त्यास संपविण्याची व्यवस्था निर्णय घेतानाच करून ठेवावी लागते. रात्री दोन वाजता घोडबंदर रोडवर गाडी काढावी लागू नये हा या विद्येचा लाभ आहे. आणि पहाटे विभागातील एखाद्या विद्यार्थ्यास आपली तबकडी रिकामी दिसू नये, ही तिच्यामागील जबाबदारी आहे.